एम कशाचा?

"मॅडम, आमच्या गाईची म्हैस झाली बघा."

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. चहाला अजून उकळी यायची होती. मी फोन खांद्याशी धरून विचारलं, "कुठल्या गाईची?"

"सगळ्याच गाईंची. आन् झाल्या त्या झाल्या, नापास पण झाल्या."

फोनवर कागलकडच्या एका दूध संकलन केंद्राचा सचिव होता. मागून बायकांचा गलका ऐकू येत होता आणि किटलीवर किटली आदळत होती. त्याच्या सांगण्याचा सारांश असा. बायका धारा काढून दूध घेऊन आल्या. यंत्राने फॅट मोजलं. तीन आठ, तीन नऊ, चार. गाईच्या दुधाला असतं तेवढंच. पण छापून निघालेल्या चिठ्ठीवर 'म्हैस' असं आलं, आणि म्हशीच्या मानाने एवढं फॅट अगदीच थोडं, तेव्हा त्याखाली शेरा, 'नापास'. एका म्हातारीने चिठ्ठी हातात धरून त्याला विचारलं होतं की आठ वर्षं माझ्या दारात बांधलेलं जनावर काय आहे ते मला ठाऊक नाही, आणि तुझ्या ह्या खोक्याला ठाऊक आहे का. सचिवाने तो प्रश्न सरळ माझ्याकडे पाठवला होता.

मी म्हटलं, आत्ता हाताने चिठ्ठ्या लिहून दूध घ्या, मी ऑफिसला जाऊन बघते. फोन ठेवला तोच दुसरा आला. साडेसातपर्यंत एकवीस आले. मी मोजले. मोजणं हा माझा स्वभावच आहे.

याला आता तेरा वर्षं झाली. उद्यमनगरात, खाली लेथचं वर्कशॉप आणि वर आम्ही, अशी हुक्केरी सरांची लहानशी सॉफ्टवेअर कंपनी होती. एका मोठ्या दूध संघाच्या एकशे चाळीस केंद्रांवर आमचा प्रोग्राम चालायचा आणि त्याच्यावर आमची चूल. मी पुण्यात नऊ वर्षं एका मोठ्या कंपनीत काढून कोल्हापूरला परतले होते आणि पाच महिन्यांपूर्वी इथे टीम लीड म्हणून रुजू झाले होते. माझ्या हाताखाली चार जण. पुण्याहून मी येताना दोन गोष्टी आणल्या होत्या. एक, व्यवस्थितपणा. दुसरी, वही.

वही साधीच, दोऱ्याने शिवलेली, करड्या पुठ्ठ्याची. प्रत्येक माणसाला काही पानं. पानावर दोन रकाने, डावीकडे 'नोंद' आणि उजवीकडे 'शेरा'. कोण किती वाजता आला, मीटिंगमध्ये काय बोलला, काय बोलायचं टाळलं, हे सगळं मी रोज टिपून ठेवत असे. माणसं सांभाळायची तर माणसं लिहून ठेवली पाहिजेत, अशी माझी तेव्हा समजूत होती. घरचे म्हणायचे, तू शिक्षण खात्यात तपासनीस व्हायला हवी होतीस. मी ते कौतुक समजायची.

विश्वजित घोरपडेची पानं सगळ्यात भरलेली. हुशार मुलगा, बोलायला त्याहून हुशार. दिवसातून सरासरी चौदा वेळा 'मी' म्हणायचा. काम जमलं की 'मी केलं', आणि बिघडलं की 'ते झालं'. त्याच्या वाक्यातला कर्ता संकट दिसताच जिना उतरून खाली लेथवाल्यांकडे चहाला जायचा. हा शेरा मी त्याच्या पानावर लिहिला होता आणि लिहिताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. हुक्केरी सरांचंही एक पान होतं, त्यांना न सांगता. 'आपण करून टाकू म्हणतात तेव्हा ते मला करायचं असतं. बघू म्हणतात तेव्हा ते कोणीच बघायचं नसतं.' उरलेले दोघे त्या आठवड्यात एकाच लग्नाला गेले होते, एक मुलाकडून, एक मुलीकडून, त्यामुळे या गोष्टीत ते नाहीत.

आणि शमा. शमा जमादार, शिरोळची. चार वर्षं कंत्राटावर होती. पुढच्या महिन्यात तिला कायम करायचं ठरलं होतं आणि त्या कागदावर तिचं बरंच काही अडलेलं होतं. मिरजेत तिचं लग्न जमलं होतं. सासरचे म्हणाले होते, कायमची नोकरी असेल तर मुलगी मिरजेहून रोज जाईल-येईल, आमची ना नाही. कंत्राटासाठी मात्र एवढी धावपळ कशाला, घरी राहू दे. हे तिने मला सांगितलं नव्हतं. विश्वजितने सांगितलं होतं, आणि मी ते तिच्या पानावर टिपलं होतं. तिची पानं तशी पातळ. बोलायचीच कमी. काही सांगितलं की 'बघते' एवढंच म्हणायची, आणि ते म्हणताना आपल्याकडे बघायची नाही.

त्या दिवशी मी सव्वाआठला पोचले तर ती माझ्याआधी येऊन बसली होती.

"सापडलं, मॅडम," ती म्हणाली. "तो एम."

एमचं प्रकरण सांगायला हवं. मी आल्यावर जुना प्रोग्राम बघून माझ्या जिवाचा संताप झाला होता. कुठे काही लिहिलेलं नाही, नावं सगळी एकेका अक्षराची. तेव्हा मी सहा आठवडे सगळी साफसफाई करून घेतली. त्यात एक रकाना होता, त्यात कुठे एम, कुठे जी. सकाळचं संकलन आणि संध्याकाळचं संकलन, मॉर्निंग आणि इव्हनिंग, हे डोक्यात असलेल्या माणसाने एम म्हणजे मॉर्निंग असं धरलं. तो जी कशाचा, याचा विचार कोणी केला नाही. जुना कचरा असेल म्हणून तो काढून टाकला आणि तिथे इव्हनिंगचा ई घातला. आदल्या रात्री नवा प्रोग्राम सगळ्या केंद्रांवर गेला. आणि सकाळ झाल्याबरोबर, सकाळ आहे म्हणून, प्रत्येक दुधावर एम पडला.

"तो एम म्हशीचा होता," शमा म्हणाली. "आणि जी गाईचा."

"मग सकाळचा कुणी केला?"

तिने माझ्याकडे बघितलं. एरवी बघायची नाही, त्या दिवशी बघितलं, चांगली दोन-तीन सेकंदं. मग पुन्हा पडद्याकडे वळली.

"बदल माझ्या नावावर आहे, मॅडम."

मी वही उघडून लिहिलं. 'शमा. ८.२०. चूक कबूल.'

मग विश्वजितला विचारलं की टेस्टिंगमध्ये हे दिसलं कसं नाही. तो म्हणाला, टेस्टिंग झालं होतं. मी विचारलं, कोणत्या दुधावर झालं होतं. त्याने सांगितलं की पन्नास नोंदी तपासल्या गेल्या. मी विचारलं, त्यात गाई किती. कर्ता जिना उतरायच्या बेतात होता, पण मी दारात उभी होते.

"गाई नव्हत्या," तो म्हणाला. "म्हशीच घेतल्या गेल्या."

कोल्हापूरचा माणूस. दूध म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे म्हैसच येते, कट्ट्यावर, समोर धार काढून देतात तिथे, उभं राहून तांब्याभर निरसं दूध प्यायचं तेही तिचंच. गाईला पण दूध असतं हे त्याला तत्त्वतः मान्य होतं, पण पन्नासातल्या एकाही नोंदीत ती सुचली नव्हती. आणि पन्नास म्हशींवर एम बरोबर बसला होता.

साडेनऊला संघाच्या संकपाळ साहेबांचं पत्र आलं. संकलन विभागाचे मुख्य. संध्याकाळचं संकलन साडेपाचला सुरू होतं, त्याआधी सगळं पूर्ववत करावं, हे पहिलं. ते मान्यच होतं. संध्याकाळी तर सगळ्या दुधावर ई पडला असता, म्हणजे जनावर कुठलं तेच कळलं नसतं. दुसरं असं की चार वाजता ते स्वतः येतील, त्याआधी लेखी अहवाल हवा. 'चूक करणाऱ्या व्यक्तीचे नाव कळवावे व सदर व्यक्तीस संघाच्या कामावरून तत्काळ दूर करावे.' आमच्याकडे संघाच्या कामाशिवाय काम नव्हतं. त्यावरून दूर करणं म्हणजे घरी पाठवणं.

मी वेळेच्या आधी काम संपवणारी बाई. बाराला अहवाल लिहून झाला. एक पान, मुद्देसूद. नावाच्या जागी शमा जमादार. खोटं काहीच नव्हतं त्यात. बदल तिने केलेला, नोंद तिच्या नावाची, कबुली तिची. मी तो संघाकडे पाठवून दिला आणि मग सरांच्या केबिनमध्ये गेले. क्रम उलटा हवा होता हे मला आज कळतं.

हुक्केरी सर गडहिंग्लजचे. घरी कन्नड बोलायचे, त्यामुळे त्यांचं मराठी वाक्य शेवटाला जरा वर चढायचं आणि साधं विधानही प्रश्नासारखं वाटायचं. अहवाल वाचून त्यांनी चष्मा काढला.

"पोरीला विचारलंत, मगदूमबाई?"

मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, कबूल केलंय तिने.

"काय कबूल केलंय?"

"बदल तिच्या नावावर आहे म्हणून."

"ते नाव झालं," सर म्हणाले. "मी विचारतोय की विचारलंत का."

मला वाटलं, वाक्य चढलं म्हणून तो प्रश्न वाटतोय. त्यांनी अहवाल परत माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले की हा बदल नेमका कुठल्या तारखेला केला ते यात नाही, संकपाळ तारखेशिवाय ऐकणारा माणूस नाही, तेवढी घालून द्या. मी म्हटलं, वहीत आहे, आणते.

माझी वही म्हणजे माझा अभिमान. जागेवर येऊन मी शमाची पानं मागे उलटली. एक आठवडा, तीन आठवडे, साडेपाच आठवडे. तारीख सापडली. माझ्याच अक्षरात, निळ्या शाईत, ओळीने.

'११.१०. विचारते, हा एम सकाळचाच ना, नक्की? सांगितलं, दुसऱ्या कशाचा असणार.' समोर शेरा. 'उघड गोष्टी विचारते. आत्मविश्वास कमी.'

खाली, त्याच दिवशी.

'३.४०. पुन्हा तेच. सरांना एकदा विचारून घेऊ का म्हणते. सांगितलं, सरांचा वेळ घेऊ नकोस, कर.' शेरा. 'स्वतः निर्णय घेत नाही.'

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती, अक्षर माझं चांगलं आहे. आता कुणी म्हणेल की मला ते आठवत कसं नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. तिचा प्रश्न मी प्रश्न म्हणून ऐकलाच नव्हता, त्यातून एक शेरा काढून घेतला होता आणि प्रश्न टाकून दिला होता.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे गेले तर हा हिशेब अपुरा राहील. त्या ओळी वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की हे पान फक्त मी बघितलंय. दुसरा विचार, वही शिवलेली आहे, एक पान फाडलं की दोऱ्याच्या पलीकडचं जोडीचं पान सैल पडतं, ते कुणाच्या लक्षात येईल का. मी मोजून बघितलं. जोडीचं पान हुक्केरी सरांचं निघालं. ते 'बघू'वालं. म्हणजे तेही फाडता आलं असतं, कुणाला चुकल्यासारखं वाटलं नसतं. खाली लेथ चालू होता, वरची फरशी बारीक थरथरत होती, आणि मी दोन बोटांत ते पान धरून बसले होते. किती वेळ, याची नोंद नाही.

मग मी वही घेऊन शमाच्या टेबलाशी गेले. ती फोनवर एका सचिवाला सांगत होती, की काका, आता तो हिरवा चौकोन दिसतो का, त्यावर दाबा, नाही, ते यंत्रावरचं बटन नाही, पडद्यावरचं. तिच्यासमोर एकशे चाळीस केंद्रांची यादी होती आणि ती एकेकाला फोन करून जुना प्रोग्राम परत बसवून घेत होती. फोन संपल्यावर मी वही तिच्यापुढे उघडी ठेवली. बोट लावायची गरज पडली नाही.

तिने वाचलं. नोंदी वाचल्या आणि शेरेही वाचले. मला तेव्हा कळलं की शेरे पण आहेत त्या पानावर.

"अक्षर छान आहे तुमचं," ती म्हणाली.

मी विचारलं, "तुला आठवत होतं ना? सकाळी, मी विचारलं तेव्हा?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

तिने पुढच्या केंद्राचा नंबर फिरवायला घेतला. "अठ्ठ्याण्णव झालीत, मॅडम. बेचाळीस राहिलीत. पाचच्या आत करू दे मला."

चारला संकपाळ साहेब आले. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात माझा अहवाल, त्यावर शमाच्या नावाखाली लाल रेघ. हुक्केरी सरांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. शमा हातात यादी घेऊनच आली आणि भिंतीशी उभी राहिली. एकशे सव्वीस झाली होती. विश्वजित दाराजवळ, म्हणजे जिन्याला सोयीचं पडेल असा.

साहेबांनी बसल्याबसल्या सुरुवात केली. सकाळपासून त्यांना कुणाकुणाचे फोन आले ते सांगितलं. एका केंद्रावर बायकांनी यंत्राला हळदीकुंकू लावलं होतं, ह्याला बाधा झालीय म्हणून. मग अहवाल टेबलावर टाकून म्हणाले, "हे जमादार कोण?"

शमाने मान वर केली. तिच्या तोंडून 'मी' निघायच्या आत मी बोलले.

"साहेब, ते नाव चुकलंय. तिथे मगदूम हवं. सुनेत्रा मगदूम."

"अहवाल कुणी लिहिलाय?"

"मीच."

"म्हणजे स्वतःचं नाव लिहिताना चुकलं?"

"हो. म्हणजे दोन चुका झाल्या." ऐकलं माझं मलाच. विश्वजितचं 'झाल्या'. मी पुन्हा म्हटलं, "दोन चुका केल्या मी. हिने मला दोनदा विचारलं होतं, हा एम कशाचा. दोन्ही वेळा मी उडवून लावलं. लेखी आहे माझ्याकडे." आणि वही त्यांच्यापुढे ठेवली.

साहेबांनी वही वाचली. वाचताना दोन्ही पेनं चाचपली. त्यांना कदाचित त्या शेऱ्यांवर शेरा मारावासा वाटत असावा. मी मनात पुण्याला कुणाकुणाला फोन करायचे त्याची यादी सुरू केली होती.

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला.

"टेस्टिंगला गाय मी घेतलीच नव्हती, साहेब."

मी वळून बघितलं. विश्वजितच होता. वाक्यात 'मी' होता, आणि बातमी वाईट होती. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

"का घेतली नाही?" साहेबांनी विचारलं.

"सुचली नाही. आमच्यात चार म्हशी आहेत."

साहेबांच्या मिशीचं एक टोक हललं. "आमच्यात सहा," ते म्हणाले, आणि लगेच सावरले. "म्हणजे आता दोन नावं झाली. हुक्केरी, एक काय ते नक्की करा. मला वर पत्र पाठवायचंय."

हुक्केरी सर इतका वेळ खिडकीतून खाली बघत होते. ते म्हणाले, "तो एम माझा आहे. एक्क्याण्णव साली लिहिलाय. पडद्यावर तेव्हा मराठी उमटत नव्हतं. म्हटलं म्हशीला एम, गाईला जी, काय कळायचं राहतंय? मला कळत होतं. दुसऱ्या कुणाला कळायला पाहिजे असं डोक्यातच आलं नाही." वाक्य वर चढलं आणि तिथेच थांबलं.

"अहो, पण नाव कुणाचं लिहू मी?"

"आपलं लिहा."

साहेब दचकले. "माझं?"

आपल्या भाषेची ही गंमत. 'आपलं' म्हणजे तुमचं, आदराने, आणि 'आपलं' म्हणजे तुमचं-आमचं सगळ्यांचं. सरांनी त्यातलं कुठलं म्हटलं ते मला आजवर ठाऊक नाही. मी मागाहून विचारलं तर म्हणाले, बघू. पण त्या वेळी ते शांतपणे ड्रॉवर उघडून एक कागद शोधत होते. नव्या प्रोग्रामचं स्वीकारपत्र. 'तपासून पाहिले, योग्य आहे.' खाली संघातर्फे सही, दोन पेनांपैकी एकाची.

"तुम्ही पण म्हशीच बघितल्या असणार, साहेब," सर म्हणाले. "सहा आहेत म्हणता."

संकपाळ साहेब हसले नाहीत. ते हसणारे गृहस्थ नव्हते. पण अहवालावरची लाल रेघ ओढलेली ओळ त्यांनी स्वतःच्या पेनाने खोडली. वर पत्र गेलं ते असं, की सांकेतिक अक्षराच्या घोटाळ्यामुळे अडचण उद्भवली होती, ती उभयपक्षी दूर करण्यात आली आहे. मला मात्र त्यांनी सोडलं नाही. म्हणाले, मगदूमबाई, वही चांगली ठेवता, पण आमचं दूध बघितलंय कधी? मी कबूल केलं की पिशवीतलं बघितलंय. तेव्हा ठरलं की पंधरा दिवस रोज सकाळी साडेपाचला मी कागलच्या त्या केंद्रावर यंत्राशेजारी उभं राहायचं, आणि ज्या बाईला शंका असेल तिच्या शंकेला उत्तर द्यायचं.

पावणेपाचला शमाने एकशे चाळीसाव्या नावापुढे टिंब दिलं. साडेपाचला आम्ही चौघं तिच्या टेबलाभोवती उभे होतो, सर धरून. पाच चाळीसला सकाळच्याच सचिवाचा फोन आला.

"मॅडम, गाय परत गाय झाली."

विश्वजित चहा सांगायला खाली गेला. ह्या वेळी खरोखर चहासाठी. सर त्याच्या मागोमाग. मी आणि शमा उरलो. ती यादीची घडी घालत होती. मी म्हटलं की दुपारचा प्रश्न राहिलाय.

तिने घडी नीट दाबली. "मॅडम, मी इथं लागले ना, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका आख्ख्या तालुक्यातल्या लोकांची नावं पुसून टाकली होती. साडेतीन हजार माणसं. सर संघाला म्हणाले, मुलीचा काही दोष नाही, तालुका पुरात वाहून गेला असं समजा, दोन दिवसांत परत आणून लावतो."

"बरं, मग?"

"मग काय? तुम्ही नवीन होता, मॅडम," ती म्हणाली. "नव्या माणसाला आपण सांभाळून घेतो ना."

ती कंत्राटावर, मी तिची वरिष्ठ. लग्न तिचं अडलेलं, कागद तिचा अडलेला. आणि ती मला सांभाळून घेत होती, मी नवीन होते म्हणून. सकाळी सव्वाआठला, त्या दोन-तीन सेकंदांत, माझ्याकडे बघून तिने ते ठरवलं होतं. मी त्याच वेळी वहीत 'चूक कबूल' लिहीत होते.

चहा आला. विश्वजितने चार सांगितले होते, पाच आले. पाचवा लेथवाल्यांनी आपणहून पाठवला, वर काहीतरी गडबड ऐकली म्हणून.

कागलला मी पंधरा सकाळी गेले. त्या म्हातारीने पहिल्या दिवशी मला गाय दाखवायला घरी नेलं, मी नीट ओळखते का ते बघायला. मी ओळखली. शमाचा कागद महिन्याने निघाला, त्यावर शिफारस माझी होती आणि त्यात एकही विशेषण नव्हतं, फक्त एकशे चाळीस हा आकडा होता. मी आता कंपनीत नाही. आज तिथे अठरा जण आहेत आणि शमा त्यांची प्रमुख. मिरजेहून रोज जाते-येते. नवा कुणी आला की त्याला पहिल्या दिवशी एम कशाचा ते सांगतात. मग तो मलाही फोन करून विचारतो की मॅडम, हे खरं आहे का. मी म्हणते, खरं आहे, आणि जे तू दोनदा विचारशील ते तिसऱ्यांदाही विचार.

वही माझ्याजवळ आहे. त्यानंतर मी तिच्यात एकच ओळ लिहिली, त्याच संध्याकाळी, शमाच्या पानावर, डावीकडे. '५.५५. म्हणते, नव्या माणसाला आपण सांभाळून घेतो ना.'

उजवीकडे शेऱ्याचा रकाना आहे. तो अजून रिकामा आहे.